पडद्यावरचे सल्लागार आणि आमच्या घामाचा पैसा

बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग आमच्या सभा-संमेलनांतून फारसा सांगितला जात नाही. बडोद्याच्या नोकरीत झालेला अपमान, पारशी वसतिगृहातून झालेली हकालपट्टी, झाडाखाली बसून ढाळलेले अश्रू हे सर्वांना पाठ आहे. परंतु तेथून मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी शिकवण्या धरल्या, आणि शेअर्सचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक छोटी कचेरी सुरू केली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला हा तरुण. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ज्याचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तो हा विद्वान! सुरुवातीला सल्ला घ्यायला लोक येऊ लागले. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येणे बंद झाले आणि ती कचेरी बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले.

या घटनेला शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्या वेळी सल्ला खरा की खोटा हे कोणी पाहिले नाही, सल्ला देणाऱ्याची जात पाहिली. आज काय पाहिले जाते? आजही सल्ला खरा की खोटा हे कोणी पाहत नाही. सल्ला देणाऱ्याचा कोट, टाय, इंग्रजी आणि त्याच्या मागे चमकणारे हिरवे-लाल आकडे पाहिले जातात. प्रामाणिक माणसाची कचेरी बंद पाडणाऱ्या याच व्यवस्थेने अप्रामाणिक माणसाला दूरचित्रवाणीचा पडदा बहाल केला आहे. म्हणून या विषयावर आम्हाला लिहिणे भाग आहे.

कोणी म्हणेल, शेअर बाजाराशी आपला काय संबंध? ते शेठजींचे काम! हा समज आता सोडून द्यावा लागेल. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती. २०२५ मध्ये ती २० कोटींच्या पुढे गेली. ही सगळी खाती शेठजींची नाहीत. बेस्ट, रेल्वे, महापालिका, वीज मंडळ, टपाल खाते, बँका येथे आरक्षणामुळे नोकरीला लागलेली आमची पहिली पिढी निवृत्त झाली. तिच्या हाती फंडाचे, ग्रॅच्युइटीचे पैसे आले. आमच्या घराण्यांत शेकडो वर्षांत प्रथमच एवढी रक्कम एकगठ्ठा आली आहे. आजोबांनी गावकी केली, बापाने गिरणीत किंवा सफाई खात्यात हाडे झिजवली, त्यातून शिल्लक राहिलेला हा पैसा आहे. या पैशावर आज पडद्यावरच्या सल्लागारांचा डोळा आहे.

आमच्या वस्तीतील एका काकांची हकिकत सांगतो. तीस-पस्तीस वर्षे चाकरी करून निवृत्त झाले. मुलाने त्यांच्या नावाने मोबाईलवर खाते उघडून दिले. सकाळी बुद्धवंदना, चहा आणि नंतर बाजाराची वाहिनी असा त्यांचा क्रम सुरू झाला. एके दिवशी सकाळी पडद्यावरच्या तज्ज्ञाने एका लहान कंपनीचे नाव घेतले. ‘आज घ्या, हे टार्गेट’ असे छातीठोकपणे सांगितले. काकांनी बाजार उघडताच घेतला. भाव चढलेलाच होता. तासाभरात तो घसरू लागला आणि दुपारपर्यंत त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या दोन महिन्यांइतकी रक्कम बुडाली. आम्ही विचारले, ‘काका, का घेतला?’ ते म्हणाले, ‘अरे, टीव्हीवर सांगितलं होतं ना!’ या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. टीव्हीवर सांगितले म्हणजे कोणीतरी तपासून सांगितले असणार, सरकारचे लक्ष असणार, एवढा मोठा माणूस खोटे कशाला बोलेल, हा त्यांचा विश्वास. हा विश्वास हेच त्या पडद्यावरच्या माणसाचे भांडवल आहे.

आता हा खेळ कसा चालतो ते समजून घेऊ. तो समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. उद्या सकाळी आपण पडद्यावर अमुक शेअरचे नाव घेणार आहोत, हे तज्ज्ञाला आज माहीत असते. तो आज दुपारी तो शेअर स्वतःच्या, बायकोच्या किंवा मित्राच्या खात्यावर घेऊन ठेवतो. उद्या सकाळी लाखो प्रेक्षकांसमोर नाव घेतो. हजारो लोक एकाच वेळी घ्यायला धावतात. भाव उसळतो. त्या उसळीत हा आपला माल विकून मोकळा होतो. विकत घेणारे कोण? आमचे काका! म्हणजे ज्याने ‘घ्या’ म्हणून सांगितले, तोच त्या क्षणी विकत असतो. कंपनी लहान असेल, तिचे थोडेच शेअर बाजारात फिरत असतील, तर थोड्या गिऱ्हाइकांतही भाव उसळतो. म्हणून असल्या शिफारशींत लहान कंपन्या दिसल्या की अधिक सावध व्हावे.

हा आमच्या मनाचा खेळ नाही. भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच आदेशांत हे लिहिलेले आहे. १३ जानेवारी २०२१ रोजी सेबीने एका हिंदी अर्थवाहिनीच्या सूत्रसंचालकाविरुद्ध अंतरिम आदेश काढला. त्याच्या कार्यक्रमात ज्या शेअर्सची शिफारस व्हायची, ते आदल्या दिवशी त्याच्या पत्नीच्या आणि आईच्या खात्यांवर घेतले जात आणि कार्यक्रमाच्या दिवशी विकले जात, असे सेबीने नोंदविले. जानेवारी २०१९ ते मे २०२० या काळातले सुमारे २ कोटी ९५ लाख रुपये गोठवण्याचा हुकूम झाला.

त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ चा अंतरिम आदेश आहे. दुसऱ्या एका अर्थवाहिनीवर येणारे पाहुणे तज्ज्ञ आपण काय शिफारस करणार ते आधीच काही ठरावीक मंडळींना कळवत होते, ती मंडळी आधी सौदे करून कार्यक्रमानंतर नफा खिशात घालत होती, असा सेबीचा ठपका होता. येथे ७ कोटी ४१ लाखांची रक्कम गोठवली गेली. नंतर १७ जून २०२५ रोजी आणखी एक आदेश निघाला. वाहिन्यांवर रोज झळकणाऱ्या एका ख्यातनाम बाजारतज्ज्ञाविरुद्ध तो होता. आधी स्वतः घ्यायचे, मग टीव्हीवर आणि टेलिग्रामवर लोकांना घ्यायला सांगायचे आणि भाव चढला की विकायचे, हाच आरोप. गोठवलेली रक्कम ११ कोटी ३७ लाख. हे अंतरिम आदेश होते, त्यात प्रत्येकाचा दोष अखेर किती ठरतो हा कायद्याचा प्रश्न आहे आणि कायद्याने आपले काम करावे. परंतु अवघ्या साडेचार वर्षांत तीन वेळा तीच पद्धत, तोच पडदा आणि तोच फसलेला प्रेक्षक! याला योगायोग म्हणायचे काय?

हे केवळ आपल्याच देशात घडते असेही नाही. अमेरिकेत १९६३ सालीच तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले होते. एक सल्लागार संस्था आधी शेअर घ्यायची, मग आपल्या वर्गणीदारांना घ्यायला सांगायची आणि भाव वाढला की विकायची. न्यायालयाने म्हटले की, सल्लागाराने आपला हितसंबंध गिऱ्हाइकापुढे उघड केलाच पाहिजे. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच ज्याचा निवाडा झाला, ती चोरी आपल्याकडे आजही ‘बाजारज्ञान’ म्हणून खपते.

मग आपल्याकडे कायदा नाही काय? आहे. सेबीची स्थापना १९८८ ची. १९९२ मध्ये तिला कायद्याने अधिकार मिळाले. २०१४ साली संशोधन विश्लेषकांसाठी नियमावली आली. विश्लेषकाने नोंदणी केली पाहिजे. ज्या शेअरबद्दल अहवाल द्यायचा त्यात अहवालाच्या आधी तीस दिवस आणि नंतर पाच दिवस स्वतः व्यवहार करू नये. दिलेल्या शिफारशीच्या उलट सौदा करू नये. जाहीर माध्यमांत बोलताना आपले नाव, नोंदणी आणि त्या कंपनीतला आपला आर्थिक संबंध सांगावा. किती चांगले नियम! परंतु या देशात चांगल्या नियमांचा दुष्काळ कधीच नव्हता. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे हेही नियमातच आहे. प्रश्न अंमलबजावणीचा असतो आणि अंमलबजावणी कोणाविरुद्ध होते याचा असतो. रेशन दुकानावर दोन किलो धान्याचा घोळ झाला तर दुकानदाराचे नाव गावभर होते. पडद्यावर कोटींचा घोळ होतो, तेव्हा खाली बारीक अक्षरांत एक पट्टी सरकत जाते. ती पट्टी वाचून कोणी दाखवावी, आम्ही त्याचा जाहीर सत्कार करू!

येथे वाहिन्यांच्या मालकांना मोकळे सोडून चालणार नाही. पाहुणा दोषी ठरला की वाहिनी हात झटकते. पण पाहुण्याला ‘ख्यातनाम तज्ज्ञ’ ही पदवी कोणी दिली? वृत्तपत्रांसाठी प्रेस कौन्सिलने आर्थिक पत्रकारितेचे संकेत आखले आहेत. ज्या कंपनीबद्दल लिहायचे तिच्या शेअर्समध्ये पत्रकाराने व्यवहार करू नये, कंपनीकडून भेटी, सवलतीचे शेअर घेऊ नयेत, असे त्यात सांगितले आहे. मात्र प्रेस कौन्सिलचा अधिकार दूरचित्रवाणीवर चालत नाही. वाहिन्यांचे नियमन वाहिन्यांच्याच संघटनेकडे! आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकाच घरातले असले म्हणजे न्याय कसा होतो, हे आमच्या समाजाला कोणी शिकवायला नको.

आणि ही कीड केवळ पाहुण्यांपुरती नाही. काही मोठे माध्यमसमूह जाहिरातींच्या बदल्यात कंपन्यांचे शेअर स्वतः घेऊ लागले होते. ‘खाजगी करार’ असे त्याचे गोंडस नाव. ज्या कंपनीचे शेअर आपल्या तिजोरीत आहेत, त्या कंपनीची खरी बातमी आपण छापणार काय? अखेर २०१० मध्ये असे संबंध उघड करणे बंधनकारक करावे लागले. मालकच भागीदार असेल तर चाकराकडून नीतीची अपेक्षा किती ठेवायची?

२००८ चा जानेवारी महिना आठवा. सेन्सेक्स २१ हजारांना शिवून आला होता. त्याच महिन्यात रिलायन्स पॉवरची शेअर विक्री झाली. वातावरण असे तापवले गेले की अर्ज न करणारा मूर्ख ठरावा. ४५० रुपये दराच्या या शेअरसाठी सामान्य गुंतवणूकदाराला २० रुपयांची सूट होती. ११ फेब्रुवारी २००८ रोजी पहिल्याच दिवशी तो ३७२ रुपयांच्या आसपास बंद झाला. त्या वेळी उसने काढून अर्ज भरणाऱ्यांचे काय झाले, हे विचारायला एकही कॅमेरा वस्तीत आला नाही.

आता एक प्रामाणिक प्रश्न विचारला पाहिजे. सगळेच भाष्यकार चोर आहेत काय? नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९२ च्या एप्रिलमध्ये हर्षद मेहताचा घोटाळा उघडकीस आणला तो सुचेता दलाल या पत्रकार महिलेनेच. अख्खी मुंबई ज्याला ‘बिग बुल’ म्हणून डोक्यावर घेऊन नाचत होती, त्याच्या बँकेतल्या व्यवहारांवर तिने बोट ठेवले. आर्थिक पत्रकारितेचे खरे काम हे आहे. उद्या कोणता शेअर चढेल हे सांगणे ज्योतिषाचे काम आहे, पत्रकाराचे नव्हे! कंपनीचा ताळेबंद काय सांगतो, कर्ज किती, प्रवर्तकाने शेअर गहाण टाकले काय, कामगारांचा फंड भरला काय, हे सांगावे. पण त्याला प्रेक्षक मिळत नाही, जाहिरात तर मुळीच मिळत नाही. ‘आजच घ्या’ला मात्र दोन्ही मिळते. ज्या समाजाने हात पाहणाऱ्या भटजीला नाकारले, त्या समाजाने आलेख पाहणाऱ्या भटजीपुढे हात का पसरावा?

दुसरा बचाव असा की, ‘आम्ही फक्त मत दिले, घ्यायची जबरदस्ती केली नाही.’ हा बचाव जुनाच आहे. सावकारही म्हणत असे, अंगठा तूच लावलास ना? एका बाजूला माहिती, पैसा, पडदा आणि वेळ आहे. दुसऱ्या बाजूला फक्त विश्वास आहे. तेथे ‘स्वखुशीचा व्यवहार’ म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे.

या लबाडीचा हिशेब मोठा भयंकर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने वायदे बाजाराचा, म्हणजे फ्युचर-ऑप्शनचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनी तेथे सौदे केले. त्यांपैकी १०० मागे ९३ जण तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. २०२३-२४ मध्ये या लोकांपैकी १०० मागे ४३ जण तिशीच्या आतले होते आणि सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाखांपेक्षा कमी सांगितले होते. याच एका वर्षात स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या बड्या दलाली संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि विदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटींचा नफा कमावला, तोही बहुतांश संगणकी यंत्रणेच्या बळावर. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला मोबाईल घेऊन बसलेला बेकार तरुण! पुढच्या २०२४-२५ या वर्षातही १०० मागे ९१ जण तोट्यातच होते.

हा बेकार तरुण कोण आहे? सरकारी कारखाने, बँका, मंडळे यांतील भरती आटली. निर्गुंतवणूक, खाजगीकरण, कंत्राटीकरण झाले. जेथे आरक्षण होते ती जागाच उरली नाही. आता त्याच पडद्यावरून त्याला सांगितले जाते की नोकरी कशाला करतोस, ट्रेडिंग कर! ज्यांनी खाजगीकरणाला टाळ्या वाजवल्या, तेच त्या खाजगीकरणाने बेकार झालेल्या पोराला टिप विकत आहेत.

या भाष्यकारांची आणखी एक अनीती आहे आणि आमच्या मते ती पैशाच्या अनीतीहून मोठी आहे. ते बाजाराच्या मर्जीला देशाची मर्जी म्हणून सादर करतात. १३ मे २००४ रोजी लोकसभेचे निकाल लागले. गोरगरिबांनी मतपेटीतून सरकार बदलले. १७ मे रोजी सेन्सेक्स ५६४ अंकांनी कोसळला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. निर्गुंतवणूक थांबेल काय, ही बाजाराची चिंता होती. त्याच महिन्यात नव्या सरकारच्या किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रात अनुसूचित जाती-जमातींच्या तरुणांना संधी देण्याबाबत राष्ट्रीय संवादाची भाषा आली. तेव्हापासून आजतागायत हा विषय निघाला की ‘बाजाराला हे आवडणार नाही’ असा सूर लागतोच. बाजार म्हणजे कोण? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि आर्थिक-सामाजिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. मतपेटीपुढे प्रत्येकाचे एक मत असते. बाजारात ज्याचे जेवढे रुपये तेवढी त्याची मते. पडद्यावरचा भाष्यकार या दुसऱ्या मतदानाला जनमत म्हणतो आणि स्वतः त्यात किती रुपयांचा मतदार आहे, हे मात्र सांगत नाही!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जो कोणी पडद्यावर शेअरचे नाव घेईल, त्याने तो शेअर आपल्याकडे वा आपल्या कुटुंबाकडे आहे की नाही, हे तोंडाने, प्रेक्षकाच्या भाषेत सांगावे, सरकत्या पट्टीत नव्हे. त्याचा नोंदणी क्रमांक ठळक दिसावा. प्रत्येक वाहिनीने वर्षभरात दिलेल्या सर्व शिफारशींचा निकाल, किती फळल्या आणि किती बुडाल्या, वर्षाअखेरीस जाहीर करावा. पाहुणा दोषी ठरला तर वाहिनीलाही दंड व्हावा. गैरमार्गाने कमावलेला जो पैसा सेबी वसूल करते, तो गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातो. तेवढ्यावर न थांबता ज्यांचे नुकसान झाले त्यांना शोधून तो परत करावा.

आणि काही गोष्टी आम्हा समाजबांधवांच्याही आहेत. दुसऱ्याला दोष देऊन आपली जबाबदारी संपत नाही. साखळी योजना, दामदुप्पट योजना आमच्याच वस्तीत आमचीच माणसे ‘जयभीम’ घालून विकतात, हेही कबूल केले पाहिजे. पंचशील आपण रोज म्हणतो. न दिलेले घेणार नाही, खोटे बोलणार नाही, ही शीले केवळ विहारात म्हणण्यासाठी नाहीत. जो माणूस ‘घ्या’ म्हणतो आणि त्याच वेळी विकतो, तो ही दोन्ही शीले एका वाक्यात मोडतो. सम्यक आजीविकेत ते बसत नाही, मग तो माणूस पडद्यावरचा असो की आपल्या चाळीतला.

आमच्या विहारांत, समाजमंदिरांत रविवारी तासभर एवढे शिकवावे की सेबीच्या यादीत सल्लागाराची नोंदणी कशी पाहायची, खात्याचे विवरण कसे वाचायचे, तक्रार कोठे करायची. त्याला पैसा लागत नाही. आमच्याकडे निवृत्त बँक अधिकारी आहेत, वाणिज्य शाखेचे प्राध्यापक आहेत, सनदी लेखापाल झालेली पोरे आहेत. त्यांनी पुढे यावे. कोणता शेअर घ्यावा, हे त्यांनी सांगू नये, आम्हीही येथे सांगणार नाही. पण सांगणाऱ्याला काय विचारावे, हे जरूर शिकवावे. पहिला प्रश्न एकच आहे: ‘साहेब, तुम्ही स्वतः काल काय घेतले आणि आज काय विकले?’

बाबासाहेबांचा सल्ला या शहराने जातीपायी नाकारला. त्यात नुकसान कोणाचे झाले, हे इतिहासाने दाखवून दिले. आज त्यांचीच लेकरे कोटवाल्यांचा सल्ला डोळे मिटून घेणार असतील, तर ते शिक्षण काय कामाचे? त्या काकांनी अजूनही सकाळची ती वाहिनी लावणे सोडलेले नाही. परवा भेटले तेव्हा म्हणाले, ‘आता बघतो, पण घेत नाही. आधी पोरीला विचारतो, ती बँकेत आहे.’ एवढे झाले तरी खूप झाले, असे आम्हाला वाटते.

जयभीम!